पिण्यासाठी नाही

"काका, तुमच्या पाण्यानं आमचं मीठ वाचलं बगा," जगदेवी म्हणाली, आणि लिंबाजीच्या हातातल्या पाइपचं तोंड घागरीतून निसटून तिच्या पायांवर गेलं. ती हसली. पाय मागे घेतले नाहीत. मे महिन्यातल्या पाच वाजताच्या उन्हात पायांवर पाणी पडलं तर लातुरात तेव्हा कुणीच पाय मागे घेत नव्हतं. "कशाचं मीठ?" त्यानं विचारलं. "वरणाचं, आन् कशाचं! भात, वरण, कालवण, समदं ह्याच्यातच. पाडव्यापासून. आदी चिमूटभर टाकाय लागायचं, आता ते बी न्हाई. पंचशीलाताईनी आत्याबाईचं मीठ बंद केलंय न्हवं? म्या वरून बिलकुल टाकत न्हाई." मागच्या फाटकावर, तिच्या डोक्याच्या बरोबर वर, लिंबाजीनंच निळ्या रंगानं लिहिलेली पाटी टांगली होती : पिण्यासाठी नाही. त्यानं पाटीकडे बोट केलं. जगदेवीनं मान वळवून ती वाचली, पहिल्यांदाच वाचल्यासारखी, आणि म्हणाली, "मग? पितंय कोण? शिजवतो आमी." घागर कमरेवर घेऊन ती गल्लीतल्या तिसऱ्या दारात शिरली, आणि पाइपमधून पाणी वाया चाललंय हे लिंबाजीच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

सकाळ, सात. ओटीचे पाच थेंब. रंग : भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीसारखा. ठीक.

ही त्याची रोजची नोंद. वहीत लिहायचं त्यानं कधीच सोडून दिलं होतं, डोक्यातच लिहायचा. ओटी म्हणजे काचेच्या नळीतल्या पाण्यात थेंब टाकून क्लोरीन बघायचं औषध. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. आयुष्यभर त्यानं पाण्याचा पिवळेपणा पाहिला होता. नांदेडच्या फिल्टर प्लँटवरून तो निवृत्त झाला, बायको गेली, आणि लातूरला मुलीकडे राहायला आला तेव्हा पंचशीलानं घरामागं हा हौद बांधून घेतला होता. वीस फूट बाय दहा, छातीइतका खोल. ती फिजिओथेरपिस्ट. लकव्याचे, गुडघ्यांचे रुग्ण पाण्यात उतरवून ती त्यांना चालायला शिकवायची. साध्या हौदात पावडर टाकावी लागते, डोळे चुरचुरतात, म्हणून तिनं मिठाचा हौद घेतला. यात पाण्यात मीठ विरघळवायचं, ते पाणी पंपानं एका पेटीतल्या प्लेटांमधून फिरवायचं, आणि विजेच्या जोरावर मिठातूनच क्लोरीन तयार होतो. पेटी बसवायला नांदेडहून आलेल्या भीमाशंकरनं हे समजावलं तेव्हा लिंबाजी बराच वेळ त्या पेटीकडे बघत राहिला होता. पंचवीस वर्षं जी गोष्ट त्यानं पोत्यांतून, नळकांड्यांतून, सायकलच्या कॅरिअरवरून वाहिली ती इथं कुणीही हात न लावता पाण्यातच जन्मत होती. हौद त्यानं स्वतःकडे घेतला. उन्हात क्लोरीन उडतो, सांजेपर्यंत निम्मा राहत नाही, म्हणून पेटी दुपारी चालवायची. रुग्ण उतरून गेले की परत बघायचं. पाण्याचा आंबटपणा कमी झाला की ॲसिड, जपून, वाऱ्याकडे पाठ करून. पंचशीला म्हणायची, "बाबा, माझ्यापेक्षा तुमचेच पेशंट जास्त झाले."

पण त्या वर्षी पाणी नव्हतं. हौद डिसेंबरात भरलेला, शेवटची भर फेब्रुवारीत, मग बोअर आटली. त्यानंतर रोज बोटभर पाणी उन्हानं नेलं. पाणी जातं, मीठ जात नाही. फेब्रुवारीत पेटीवरचा आकडा लिटरला चार ग्रॅम दाखवायचा. एप्रिलात सहा झाला आणि पेटीवर लाल दिवा लागला : मीठ जास्त. पेटीनं काम थांबवलं. त्यानं भीमाशंकरला फोन केला. "काका, सोपं हाय, अर्धं पाणी काढून टाका न् नवं भरा." "नवं कुठनं आणू? प्यायला रेल्वेनं येतंय त्यातलं?" "मग काका, पावसाची वाट बगा," भीमाशंकर म्हणाला, "आमी तरी दुसरं काय करून राहिलो इथं." तेव्हापासून लिंबाजी बादलीत पांढरी टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर कालवून, निवळी वरच्यावर काढून हातानं टाकत होता. जुन्या सवयीनं हात चालत होता. आज आकडा साडेसात होता. तो आकडा सकाळी बघताना त्याच्या मनात एवढंच आलं होतं की प्लेटा खराब होतील.

आता त्यानं दुसरा हिशेब केला. दोन तांबे पाण्याचं वरण. भात वेगळा. भाजी वेगळी. उकळलं की क्लोरीन उडतो. मीठ उडत नाही, दाटतं. शिवाय ॲसिड. शिवाय उन्हात क्लोरीन टिकावा म्हणून घातलेली दुसरी पावडर. शिवाय रोज हौदात उतरणाऱ्या महादेवप्पा गुरुजींचं अंग, दोन गुडघेवाल्या बायकांचं अंग. आणि हे सगळं जगदेवीच्या सासूच्या, धुरपताबाईच्या पोटात, जिचा रक्तदाब बघून पंचशीलानं स्पष्ट सांगितलं होतं, मीठ बंद, नाहीतर काळजावर ताण येईल. जगदेवीनं मीठ बंद केलं होतं. मनापासून केलं होतं.

हे सगळं त्याला कळलं. पण सर्वांत आधी जे आलं ते हे नव्हतं. सर्वांत आधी, पाइप निसटला त्या क्षणी, त्याच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरलं होतं, हिवाळ्यात गूळ घातलेल्या काढ्याचा पहिला घोट जावा तसं. जगदेवीच्या घरात आपल्या हातच्या पाण्यावर वरण शिजतंय. पाडव्याला त्यानं गल्लीला हौदाचं पाणी द्यायला फाटक उघडलं, तेव्हा पहिल्या दिवशी धुरपताबाई स्वतः आली होती. काठी टेकत. देवणीकडची कुणब्याची म्हातारी. माहेरी पंधरा बैलांची दावण होती म्हणून सांगणारी. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे फाटकातून तिचं लक्ष गेलं आणि तिनं विचारलं, "कुठले म्हणायचे तुमी?" त्यानं गाव सांगितलं. "कंच्या अंगाचे?" "खालच्या." म्हातारी "हं" म्हणाली. त्या "हं"ची लांबी लिंबाजीला पाठ होती, सहासष्ट वर्षांत शेकडो वेळा ऐकलेली. आता ती वळेल, असं त्याला वाटलं. ती सुनेला म्हणाली, "भरून घे गं, बघत काय उभी राहिलीस?" आणि त्यांनी भरून घेतलं. धुण्याला, फरशीला, संडासात टाकायला, असं तो समजून चालला होता. जगदेवी मात्र त्या दिवसापासून त्यात शिजवत होती.

म्हणून तो पंचशीलाला काही बोलला नाही. त्या संध्याकाळी ती दवाखान्यातून आली, पाणी बघितलं, "क्लोरीन किती?" विचारलं, त्यानं सांगितलं. सांगायची जागा तिथंच होती. पण सांगितलं की ती फाटक बंद करणार हे त्याला ठाऊक होतं. "बाबा, उद्या कुणाला काही झालं तर नाव माझं," असं म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार. मग पाच वाजता पाइप हातात घेऊन फाटकाशी उभं राहणं संपेल. बायका रांगेत थट्टा करायच्या. "काका, आमच्याकडं धार कमी का वो, जगदेवी काय नातलग हाय का तुमची?" तो म्हणायचा, "हाव, मावसबहीण हाय." सगळ्या खदखदायच्या. हे संपेल. आणि गल्लीला धुण्यालाही पाणी राहणार नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. हे कारण चांगलं होतं, खरंही होतं, आणि म्हणूनच त्याच्या आडोशाला उभं राहणं सोपं होतं.

सकाळ, सात. रंग : लिंबाच्या सालीसारखा. ठीक. आकडा : साडेसातच्या वर.

त्या दिवशीही त्यानं जगदेवीची घागर भरली. दुसऱ्या दिवशीही.

असा गप्प तो एकदा राहिला होता. त्याला तीस वर्षं झाली. जिल्हा तेव्हा नवा होता. कचेरीतल्या टेबलांना वॉर्निशचा वास यायचा, पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं लिहिलेलं, खालचं अक्षर उन्हात दिसायचं. पावसानं दोन वर्षं तोंड फिरवलं होतं. लिंबाजीला जिल्हा परिषदेत विहिरींत टीसीएल टाकायचं काम लागलं होतं. सायकल, कॅरिअरवर पोतं, सात गावं, एक रजिस्टर. शिरूर अनंतपाळच्या बाजूचं एक गाव होतं. तिथल्या थोरल्या विहिरीवर रीत अशी होती की लिंबाजीनं दहा हात लांब, चिंचेखाली, बादलीत पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, आणि बाजूला व्हायचं. मग केरबा येणार, बादली उचलून विहिरीत ओतणार. केरबा म्हणजे त्या विहिरीच्या मालकाचा, पाटलाचा सालगडी, लिंबाजीच्याच वयाचा, तोंडाळ, हसरा. "पावडरवाले," तो म्हणायचा, "तुमी शिजवा, आमी वाढतो." लिंबाजी हसायचा. नवी नोकरी होती. नव्या जिल्ह्याच्या शिक्क्याचं ओळखपत्र खिशात होतं, आणि त्या ओळखपत्राला दहा हातांवर थांबावं लागत होतं. पुढं पुढं केरबा म्हणू लागला, "ठिवून जा बादली, ऊन लई हाय, टाकतो म्या." लिंबाजी ठेवून जायचा. रजिस्टरात लिहायचा : टाकले.

मग त्या गावात हगवणीची साथ आली. लिंबाजीनं हे जेव्हा जेव्हा सांगितलं, वरच्या साहेबांना, बायकोला, तेव्हा असं सांगितलं : मी पावडर दिली होती, त्यानं टाकली नसेल तर मला काय ठाऊक.

नाही, असं नव्हतं.

असं होतं : विहिरीमागं एक बाभळ होती, आणि तिच्या बुडाशी जमीन पांढरी पडली होती. चुन्याच्या रंगाची. पाटलाच्या घरच्या बायकांना पाण्याला येणारा औषधाचा वास नको होता. त्यांनी केरबाला सांगितलं होतं, आणि केरबा बादली तिथं रिकामी करत होता. लिंबाजीनं ती पांढरी जागा पाहिली होती, पण मनात दुसरंच काही होतं, त्यामुळं अर्थ लागला नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण रात्री जाग आली की स्वतःला बरीच वर्षं असं सांगितलं.

तसंही नव्हतं.

बाभळ वाळत होती. एका बाजूचा पाला पिवळा पडला होता, ओटीच्या नळीतल्या पाण्यासारखा, आणि तो रंग जगात कुणी ओळखला नसता तर लिंबाजीनं ओळखला असता. तो सायकल धरून तिथं उभा राहिला. त्याला सगळं कळलं. आणि कळल्यावर त्याच्या मनात आलं : प्या मग. माझा हात नको ना, प्या. इतकंच. त्यात मोठा राग नव्हता, थोडी गंमतच होती, पायात रुतलेला काटा काढून दुसऱ्याच्या वाटेवर टाकावा तसली. त्यानं त्या दिवशीही बादली कालवली, ठेवली, रजिस्टरात लिहिलं. पुढचे तीन आठवडे लिहिलं. खालच्या वस्तीची विहीर त्याच उन्हाळ्यात आटली होती आणि आपल्या बायकासुद्धा थोरल्या विहिरीवर वरून ओतलेलं पाणी घेतायत, हे त्याला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही. वस्तीत अकरा जण पडले, वाचले. केरबाची पोरगी सिंधु वाचली नाही. आठ वर्षांची. पंचशीलाही तेव्हा आठची होती. दवाखान्याकडे नेताना बैलगाडीतच गेली. दहा दिवसांनी केरबा चिंचेखाली येऊन बसला, दहा हात सोडून नाही, शेजारी, मांडीला मांडी लावून. पहिल्यांदाच. त्यानं विचारलं, "लिंबाजी, ती पावडर न टाकल्यानं झालं मनतेत. म्या तिकडं ओतत व्हतो. तुला मालूम व्हतं का?" पावडरवाले म्हणाला नाही. लिंबाजी म्हणाला होता, "न्हाई." केरबानं मान हलवली, म्हणाला, "मग माजंच," आणि उठून गेला. त्याच्या खांद्यावरचं ओझं अर्धं आपलं होतं, आपण ते सगळं त्याच्याच डोक्यावर दिलं, हे लिंबाजीला तेव्हाही कळत होतं. त्यानं नांदेडला बदली मागून घेतली. पुढं बावीस वर्षं फिल्टर प्लँटवर एका पाळीचाही क्लोरीन चुकवला नाही. अधिकारी कौतुक करायचे. केरबा कधी वारला तेही त्याला दोन वर्षांनी, धर्माबादच्या बाजारात भेटलेल्या एका गाववाल्याकडून कळलं.

तर आता, तिसऱ्या दिवशी, महादेवप्पा गुरुजींना हौदातून वर काढायला तो हात देत असताना गल्लीतून धुरपताबाई चाललेली दिसली. चाललेली म्हणजे काय. भिंत धरून, एक पाय, मग दुसरा. तिच्या चपला पायांत बसत नव्हत्या म्हणून टाचा बाहेर होत्या. पाय फुगून गुळगुळीत झाले होते, घोट्याचं हाड कुठं दिसत नव्हतं. गुरुजी पायरीवर थांबून धापा टाकत म्हणाले, "लिंबाजीराव, पाणी आज जड लागून राहिलंय बरं का. अंग वरच ढकलतंय." "मीठ वाढलंय गुरुजी." "वाढू द्या की. आपल्याला कुठं प्यायचंय!" गुरुजी आपल्या विनोदावर स्वतःच हसले. लिंबाजीनं त्यांना टॉवेल दिला, खुर्चीत बसवलं, आणि चपला घालून मागच्या फाटकातून बाहेर पडला. पावडरीच्या बादलीत काठी तशीच राहिली. गल्ली ओलांडायला पन्नास पावलं. त्यातल्या तीस पावलांपर्यंत तो काय बोलायचं ते ठरवत होता, मग ठरवायचं सोडलं.

जगदेवीचं घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा. पत्र्याखाली अकरा वाजताच भट्टी झाली होती. धुरपताबाई आत्ताच येऊन बाजेवर टेकली होती, पाय विटेवर ठेवून. गॅसवर पातेल्यात वरण उकळत होतं आणि जगदेवी लसणाची फोडणी करत होती. "काका! या की. आज सूर्य कुणीकडं उगवला?" तिला खरंच आनंद झाला होता. दोन रिकामे डबे सरकवून तिनं चटई अंथरली. तो उभाच राहिला आणि म्हणाला, "जगदेवी, त्या पाण्यात शिजवू नको. त्यात मीठ हाय." "हाय की. मनून तर टाकत न्हाई." "तेच मीठ हाय ते. दुकानातल्यासारखंच. तुझ्या आत्याबाईच्या पोटात रोज दीड-दोन चमचे चाललंय." जगदेवीनं फोडणी ओतली, चर्र झालं, आणि वास असा उसळला की त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. "न्हाई वो काका, ते दवाखान्याचं मीठ," ती लहान मुलाला समजावतात तशी म्हणाली. "महादेवप्पा गुरुजीला चौघं उचलून आणायचे. आता काठी टेकत जातेत. त्या पाण्यात उतरून जातेत ना? वरून लागलं तर एवढा गुण, मग पोटातून घेतलं तर?" "गुरुजी व्यायामानं चालतेत, पाण्यानं न्हाई." "मग व्यायाम अंगणात का न्हाई करत?"

याला त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं, आणि जगदेवी हसत होती. त्यानं ॲसिडचं सांगितलं. तिनं टँकरच्या पाण्यातल्या अळ्यांचं सांगितलं, गाळायला घेतलेल्या फडक्यावर वळवळतात त्या. टँकर दहा दिवसांनी येतो, सहा माणसं, दोन टिपाडं. तो म्हणाला, आमच्या प्यायच्या जारमधला अर्धा जार रोज आणून देतो, स्वयंपाकाला वापर. "द्या की, उपकार होतील. पिण्याला होईल तेवढाच. शिजवायला तुमचं हौदाचं हायच." तो म्हणाला, म्हातारीचे पाय बघ. "दोन महिने झाले सुजून. तुमच्या पाण्याच्या आदीपासून. वय झालं, काका." धुरपताबाई बाजेवरून दोघांकडे बघत होती, तिनं नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला, आणि तो भरून येईपर्यंत ती त्यातच बघत बसली. "ताईला तेवढं सांगू नका," जगदेवी हळू आवाजात म्हणाली. "बंद करतील. तुमच्या पाया पडते."

मग तिनं ताट केलं. विचारलं नाही, करायला लागली. ज्वारीची भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा, ठेचा, वाटीत वरण, वर तेलाचा पिवळा तवंग. "बसा. आदी खाऊन बगा, मग सांगा वंगाळ हाय का चांगलं." ताट चटईपुढं आलं आणि लिंबाजी बसला. बसायचं त्यानं ठरवलं नव्हतं, गुडघे आपसूक वाकले. स्टीलचं ताट, घरातल्यांचंच, कडेला नाव कोरलेलं, कुठल्या तरी लग्नात आलेलं. वेगळं ठेवलेलं नव्हे. कोपऱ्यातून काढलेलं नव्हे. त्याला चिंचेखालची जागा आठवली नाही, केरबा आठवला नाही. आठवली ती आई, उन्हातून ओंजळ पुढं करून उभी, वरून धार पडायची वाट बघणारी, आणि धार ओंजळीच्या बाहेर जास्त पडायची. एक ताट खाऊन मला काही होणार नाही, असा त्यानं विचार केला. माझं काळीज चांगलं आहे. खाऊन उठेन, मग समजावेन, उद्या पुन्हा येईन, पंचशीलाला हळूहळू सांगेन. खाल्ल्यावर माझं ऐकतीलही. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला. जगदेवी समोर उकिडवी बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती. मागं धुरपताबाईनं हात धुवायला तांब्या ओढून घेतला. पाहुणा जेवला की तिचं ताट होतं. ती भुकेली दिसत होती.

त्यानं तुकडा ताटात ठेवला. ताट पुढं सरकवलं.

"काय झालं?" जगदेवी म्हणाली. त्यानं ताट आणखी पुढं सरकवलं. ती हसून म्हणाली, थट्टेनंच, रांगेत करायची तशी, "का वो काका? आमच्या हातचं चालत न्हाई व्हय तुमाला?"

थट्टा होती. तिच्या वयाच्या बाईला त्या वाक्याचं वजन माहीत नव्हतं, तिनं ते कुठून तरी ऐकलेलं. पण लिंबाजीला ते वाक्य समोर उघड्या दारासारखं दिसलं. मीठ, ॲसिड, आकडा, पंचशीला, यातलं काहीच या खोलीत आत शिरू शकत नव्हतं. हे शिरलं असतं. हे कुणालाही समजतं, समजावून सांगावं लागत नाही. आपण हे बोललो तर काय जाईल हे त्याला नीट दिसत होतं. नेमकं तेच जाणार होतं ज्यासाठी तो दोन दिवस गप्प बसला होता.

"हाव," तो म्हणाला. "चालत न्हाई."

जगदेवी आधी हसतच होती. मग थांबली. तिच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही, मग तो कानांपर्यंत तांबूस झाला. तिनं ताट उचललं, भाकरी तशीच पातेल्यात टाकली, पातेलं दोन्ही हातांनी धरून बाहेर गेली आणि नालीत उपडं केलं. परत आली. कोपऱ्यातली घागर उचलली. तीही ओतली. दुसरी ओतली. त्या उन्हाळ्यात त्या गल्लीत पाणी ओतल्याचा आवाज झाला की दारं उघडत, उघडली. "काय गं, येडी झालीस का?" कुणीतरी ओरडलं. लिंबाजी चटईवरून उठत होता, गुडघा लवकर सरळ होत नव्हता. धुरपताबाई त्याच्याकडे बघत होती. तिला राग आला नव्हता. उलट तिच्या नजरेत काहीतरी ओळखीचं होतं, जे पाहायला तो तयार नव्हता. "आता तुमी बी सुरू केलं व्हय," म्हातारी म्हणाली.

बाहेर नालीच्या कडेनं पाणी वाहून धुळीत जिरत होतं. तीन-चार बायका दारात उभ्या होत्या. त्याला वाट देताना त्या जरा जास्तच मागं सरल्या. जगदेवी पाठमोरी, रिकामी घागर पालथी घालून तिच्यावर बसली होती. संध्याकाळी ती येणार नाही. धुण्याचं पाणीही नेणार नाही. भर उन्हात टँकरच्या चौकापर्यंत जाईल, आणि म्हातारीसाठी त्या पाण्यात, वरून मीठ न टाकता, शिजवेल. एवढं होईल. मागच्या फाटकातून तो आत आला तेव्हा गुरुजी खुर्चीत डुलक्या घेत होते. हौदाच्या कठड्यावर तो बसला. उजव्या हाताच्या तीन बोटांना वरण लागलेलं होतं, लसणाचा वास येत होता. वरण चांगलं जमलं असणार. तो ती बोटं धुवायला उठला नाही. पंचशीला दुसरा रुग्ण आला का बघायला मागच्या दारात आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"बाबा, जेवलात का?"

"हाव," लिंबाजी म्हणाला.